अर्थसंकल्पात दडलेलं एक वाक्य

१९९४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या शॅरन आणि पॅट्रिक टेरी यांना डॉक्टरांनी सांगितलं, की तुमच्या दोन्ही मुलांना 'पीएक्सई' नावाचा दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात त्वचा, डोळे आणि रक्तवाहिन्यांमधल्या लवचीक तंतूंवर हळूहळू कॅल्शियम साचत जातं. शॅरन पूर्वी कॉलेजात चॅप्लेन, म्हणजे धर्मोपदेशक, होत्या, पॅट्रिक बांधकामांची देखरेख करायचे. विज्ञानाचं शिक्षण दोघांचंही नव्हतं. तरीही या आजाराबद्दल जे काही छापून आलंय ते मुळातून वाचायचं, असं त्यांनी ठरवलं आणि तिथेच भिंत आडवी आली. शोधनिबंध वैद्यकीय ग्रंथालयांत होते आणि ग्रंथालयं विद्यार्थ्यांसाठी, डॉक्टरांसाठी होती. दोन आजारी मुलांचे आईबाप त्या यादीत बसत नव्हते.

टेरी दांपत्याने १९९५ मध्ये स्वतःची संस्था काढली, आणि २००० साली या आजाराचं जनुक सापडलं तेव्हा त्या शोधात शॅरन यांचाही वाटा होता. पुढे शोधनिबंध सगळ्यांना खुले व्हावेत म्हणून अमेरिकेत जी चळवळ उभी राहिली, तिच्यात त्या आघाडीवर होत्या. त्या चळवळीचं म्हणणं एका ओळीत मावतं: संशोधन जनतेच्या पैशाने झालं असेल, तर ते वाचायला जनतेने पुन्हा पैसे का मोजायचे?

ओळ इतकी सरळ आहे की तिचा कायदा व्हायला इतकी वर्षं का लागावीत, असं वाटतं. पण कायद्यात घोषणा चालत नाहीत. नेमकी कुठली प्रत खुली करायची, छापून आल्यावर किती महिन्यांनी, आणि तो अधिकार कुणाकडून येणार, हे लिहावं लागतं. सगळी लढाई या तीन प्रश्नांवर झाली.

आधी शोधनिबंध तयार कसा होतो ते पाहू, कारण हा व्यवहार बाहेरून बघणाऱ्याला खरा वाटत नाही. समजा, एका विद्यापीठातल्या गटाला सरकारी अनुदान मिळालं. त्यातून उपकरणं आली, विद्यार्थ्यांचे पगार झाले, तीन वर्षं प्रयोग चालले. निष्कर्ष लिहून गटाने ते एका जर्नलकडे, म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाकडे, पाठवले. संपादकाने तो मजकूर त्याच विषयातल्या दोनतीन तज्ज्ञांकडे तपासायला दिला. हे तज्ज्ञही कुठल्यातरी विद्यापीठाचे पगारदार असतात आणि तपासणीचं काम सहसा फुकट करतात. दुरुस्त्या झाल्या, निबंध स्वीकारला गेला. छापण्याआधी लेखकाने एका करारावर सही केली आणि निबंधाचा कॉपीराइट प्रकाशकाच्या नावे केला. त्याबद्दल लेखकाला एक पैसाही मिळत नाही आणि त्याची तशी अपेक्षाही नसते. त्याला नाव हवं असतं, नोकरीत बढती हवी असते. मग तोच निबंध वाचण्यासाठी त्याच लेखकाचं विद्यापीठ प्रकाशकाला वर्गणी भरतं.

या धंद्यात नफा किती आहे? २०१० साली एल्सव्हियर या सर्वात मोठ्या प्रकाशकाचं उत्पन्न सुमारे २०० कोटी पौंड होतं आणि त्यावरचा नफा ७२ कोटींच्या घरात, म्हणजे साधारण ३६ टक्के. कच्चा माल फुकट, गुणवत्तेची तपासणी फुकट आणि गिऱ्हाईक बांधलेलं. असा धंदा दुसरा दाखवा म्हटलं तर मला तरी आठवत नाही.

आता कायद्याची बाजू. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात एक जुनं कलम आहे: केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून जे लिहिलं, त्यावर अमेरिकेत कॉपीराइट नाही. ते सगळ्यांचं. म्हणजे सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाचा निबंध मुळातच मोकळा असतो. पण सरकारी अनुदानावरचं बहुतेक संशोधन विद्यापीठांत होतं, आणि अनुदान घेतलं म्हणून प्राध्यापक सरकारी कर्मचारी होत नाही. त्याच्या लेखनावर कॉपीराइट लागू होतो आणि तो कुणालाही देऊन टाकता येतो.

मात्र इथे एक फट आहे, आणि पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं. अनुदानाच्या अटींतच लिहिलेलं असतं, की या पैशातून जे लेखन निर्माण होईल ते सरकारी कामासाठी वापरण्याचा, छापण्याचा आणि त्याच्या प्रती काढण्याचा हक्क सरकारने राखून ठेवलेला आहे. हा हक्क विनामोबदला आहे आणि मागे घेता येत नाही. प्रकाशकाशी करार होतो त्याच्या कितीतरी आधी तो जन्माला आलेला असतो. म्हणजे लेखक जेव्हा 'सगळे हक्क' देऊन टाकतो, तेव्हा एक हक्क आधीच बाजूला काढलेला असतो. हा हक्क कित्येक वर्षं नुसता कागदावर पडून होता.

तो वापरायचं पहिलं मोठं स्वप्न हॅरल्ड व्हार्मस यांनी पाहिलं. ते अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचे, म्हणजे एनआयएचचे, संचालक होते. वैद्यकीय संशोधनाला पैसा देणारी ही जगातली सर्वात मोठी सरकारी संस्था. आज तिचा वार्षिक खर्च ४,५०० कोटी डॉलरच्या वर आहे. १९९९ मध्ये व्हार्मस यांनी जीववैद्यकातले सगळे निबंध एका खुल्या कोठारात ठेवण्याची कल्पना मांडली. प्रकाशकांनी कडाडून विरोध केला आणि कल्पनेला बरीच कात्री लागली. तरी त्यातून फेब्रुवारी २००० मध्ये 'पबमेड सेंट्रल' सुरू झालं. कोठार तयार होतं, आता त्यात माल यायला हवा होता.

२००४ मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहातल्या खर्चाच्या समितीने आपल्या अहवालात एनआयएचला सुचवलं, की अनुदानावर झालेले निबंध प्रसिद्धीनंतर सहा महिन्यांनी खुले करा. एनआयएचने त्यातून जे धोरण काढलं ते मे २००५ पासून लागू झालं, आणि ते ऐच्छिक होतं. शास्त्रज्ञांना विनंती केली गेली, की कृपया निबंधाची प्रत कोठारात जमा करा, शक्यतो बारा महिन्यांच्या आत. किती जणांनी ऐकलं? पाच टक्क्यांहूनही कमी. शास्त्रज्ञांचा विरोध होता म्हणून नव्हे. काम पुष्कळ असतं, प्रकाशक रागावेल अशी धास्ती असते, आणि ऐच्छिक गोष्ट उद्यावर ढकलता येते. वर्गातल्या ऐच्छिक गृहपाठाचं जे होतं तेच याचं झालं.

मग ते वाक्य आलं.

अमेरिकेत दरवर्षी सरकारी खात्यांना पैसे देणारं विधेयक मंजूर व्हावं लागतं. ते शेकडो पानांचं असतं आणि त्यात मध्येच कुठेतरी एखादं कलम असं बसवलेलं असतं, की ज्याचा आकड्यांशी फारसा संबंध नाही. २००७ मध्ये आरोग्य खात्याच्या अशाच विधेयकात एक वाक्य घातलं गेलं. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी खर्चाच्या वादावरून ते विधेयक नाकारलं. वाक्य मात्र पुढच्या एकत्रित विधेयकात तसंच शिरलं आणि २६ डिसेंबर २००७ ला सही होऊन कायदा झालं. त्याचा आशय असा: एनआयएचच्या संचालकांनी अनुदान घेणाऱ्या सर्व संशोधकांवर बंधन घालावं, की निबंध स्वीकारला गेल्यावर त्याची तज्ज्ञांनी तपासलेली अंतिम प्रत पबमेड सेंट्रलमध्ये जमा करावी आणि ती प्रसिद्धीनंतर जास्तीत जास्त बारा महिन्यांत सर्वांना खुली व्हावी, मात्र हे कॉपीराइट कायद्याला धरून करावं.

७ एप्रिल २००८ पासून अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या वर्षी हे कलम त्या वर्षाच्या खर्चापुरतं होतं. २००९ मध्ये ते कायमचं केलं गेलं. २००५ चं धोरण आणि २००८ चा कायदा यांत मजकुराचा फरक अगदी थोडा आहे. विनंतीच्या जागी बंधन आलं, इतकंच. तरीही नुसत्या बंधनानेही सगळे हलले नाहीत. जुलै २०१३ पासून एनआयएचने सांगितलं, की जुने निबंध जमा केले नसतील तर अनुदानाचा पुढचा हप्ता अडेल. त्यानंतर विद्यापीठांच्या कार्यालयांतून शास्त्रज्ञांना ज्या पत्रांचा मारा झाला असेल, त्याची कल्पना कुणीही करू शकेल. आज त्या कोठारात एक कोटीहून जास्त लेख आहेत.

त्या वाक्यातले दोन शब्दप्रयोग जरा थांबून पाहण्यासारखे आहेत. पहिला 'अंतिम प्रत'. ही म्हणजे प्रकाशकाने सुबक छापलेली पीडीएफ नव्हे. तज्ज्ञांच्या सूचनांनुसार दुरुस्त झालेला आणि जर्नलने स्वीकारलेला लेखकाचा मसुदा म्हणजे अंतिम प्रत. विज्ञान तेच, आकडे तेच. नाही ती पानांची मांडणी, भाषेवरचा शेवटचा हात आणि जर्नलचा शिक्का. ही निवड मोठी चतुर होती. प्रकाशकाने स्वतःच्या खर्चाने जे घडवलं त्याला हात लावायचा नाही आणि लेखकाने सरकारी पैशातून जे घडवलं तेवढंच घ्यायचं. प्रकाशक यावर म्हणतात, की तज्ज्ञ-तपासणी आम्ही घडवून आणतो, तिचाही खर्च आहे. ते अगदीच खोटं नाही. तपासणारे फुकट काम करत असले तरी त्यांना शोधणं, मागे लागणं, बोगस निबंध अडवणं, ही सगळी यंत्रणा कुणीतरी चालवतंच.

दुसरा शब्दप्रयोग म्हणजे ते बारा महिने. या काळात निबंध फक्त वर्गणीदारांना मिळतो. एका वर्षाने फुकट मिळणार म्हणून कुठलंही ग्रंथालय आजची वर्गणी बंद करणार नाही, हा त्यामागचा हिशेब. झपाट्याने बदलणाऱ्या विषयात वर्षभराची वाट म्हणजे खरंच शिळं अन्न, त्यामुळे तिथे वर्गणी टिकते. पण गणितातला निबंध दहा वर्षांनीही तितक्याच आवडीने वाचला जातो. अशा विषयांतल्या छोट्या संस्था म्हणत, की आमचा वाचक तेराव्या महिन्याची वाट बघायला तयार आहे. अशा काही विद्वत्सभांचं सगळं घर एका जर्नलच्या वर्गणीवर चालतं. परिषदा, शिष्यवृत्त्या, सगळं. मोठ्या प्रकाशकांबद्दल मला फारशी सहानुभूती वाटत नाही, पण या छोट्यांची अडचण खरी होती.

हे सगळं झालं एका संस्थेपुरतं. ऊर्जा खातं, शेती खातं, नॅशनल सायन्स फाउंडेशन, नासा यांचं काय? तिथून पुढे स्वतंत्र विधेयकांची रांग लागते, आणि त्यातलं एकही पार झालं नाही. २००६ मध्ये रिपब्लिकन सिनेटर जॉन कॉर्निन आणि डेमोक्रॅट सिनेटर जो लिबरमन यांनी विधेयक आणलं: संशोधनावर वर्षाला दहा कोटी डॉलरहून जास्त खर्च करणाऱ्या प्रत्येक खात्याने आपले निबंध सहा महिन्यांत खुले करावेत. ते मंजूर झालं नाही, पुन्हा आणलं, पुन्हा बारगळलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये जवळपास तेच नव्या नावाने आलं. २०१५ मध्ये सिनेटच्या एका समितीने ते एकमताने पुढे पाठवलं, तेही सहाचे बारा महिने करून. तरी पूर्ण सभागृहापुढे ते मंजूर झालंच नाही. दोन्ही पक्षांचा पाठिंबा, आणि तरी वर्षानुवर्षं फाइल जागच्या जागी. संसद नावाच्या यंत्राची ही जात आहे: जे कुणाला नको आहे ते पडतंच, पण जे कुणालाच फार घाईने हवं नाही तेही पडतं.

उलट्या दिशेनेही प्रयत्न झाले. डिसेंबर २०११ मध्ये डॅरेल इसा आणि कॅरोलिन मलोनी या दोन प्रतिनिधींनी एक विधेयक आणलं. त्यातली खोच व्याख्येत होती. ज्या निबंधावर प्रकाशकाने तज्ज्ञ-तपासणीसारखं काही संस्कार केले असतील आणि जो सरकारी कर्मचाऱ्याने लिहिलेला नसेल, तो 'खासगी क्षेत्रातलं संशोधन-लेखन' ठरणार होता. अनुदान सरकारी असलं तरी! आणि असं लेखन प्रकाशकाच्या संमतीशिवाय कुठल्याही सरकारी खात्याने खुलं करायचं नाही. म्हणजे २००८ ची व्यवस्थाच मोडीत निघाली असती.

यावर जो भडका उडाला तो संसदेत नव्हे, गणितज्ञांत. जानेवारी २०१२ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी जाहीर केलं, की एल्सव्हियरच्या जर्नलांत मी यापुढे लिहिणार नाही, तिथले निबंध तपासणार नाही आणि संपादनही करणार नाही. त्यांच्या नाराजीची कारणं जर्नलांच्या किमतींपासून सुरू होत होती. या विधेयकाला दिलेला पाठिंबा हे त्यातलं एक. काही आठवड्यांत हजारो संशोधकांनी तशीच शपथ घेतली. २७ फेब्रुवारी २०१२ ला एल्सव्हियरने पाठिंबा काढून घेतला आणि त्याच दिवशी दोन्ही प्रतिनिधींनी विधेयक सोडून दिलं. फुकट काम करणाऱ्यांनी हात आखडले की काय होतं, हे प्रकाशकांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं असावं.

वारं तापलेलं असतानाच मे २०१२ मध्ये व्हाइट हाउसकडे एक ऑनलाइन निवेदन गेलं. उत्तर मिळवण्यासाठी २५ हजार सह्या लागायच्या. त्या दोनेक आठवड्यांत जमल्या आणि पुढे आकडा ६५ हजारांच्या वर गेला. उत्तर आलं २२ फेब्रुवारी २०१३ ला. राष्ट्राध्यक्षांचे विज्ञान सल्लागार जॉन होल्ड्रेन यांनी सर्व मोठ्या खात्यांना आदेशपत्र पाठवलं: संशोधनावर वर्षाला दहा कोटी डॉलरहून जास्त खर्च असेल तर आपले निबंध बारा महिन्यांत खुले करण्याची योजना आखा. जे विधेयकांना जमलं नव्हतं ते एका पत्राने जमवलं.

पण पत्र ते पत्रच. कायदा बदलायला संसद लागते, आदेशपत्र बदलायला पुढचा सल्लागार पुरतो. सुदैवाने या विषयात पुढच्यांनी ते मागे नेलं नाही. २०२० च्या सुरुवातीला करोना आला, तेव्हा प्रकाशकांनी स्वतःहून त्यासंबंधीचे निबंध खुले केले. त्याने एक अवघड प्रश्न उभा राहिला: साथीच्या वेळी बारा महिने थांबणं घातक असेल, तर कर्करोगाच्या रुग्णाने का थांबायचं? २५ ऑगस्ट २०२२ ला विज्ञान सल्लागार कार्यालयाच्या प्रमुख अलॉन्ड्रा नेल्सन यांनी नवं पत्र काढलं. आता मोठी-छोटी सगळीच खाती आली. बारा महिन्यांची सवलत गेली. निबंध छापून आला त्या दिवशीच तो खुला हवा. निबंधामागची माहिती, म्हणजे डेटाही, शक्य तितका खुला हवा. मुदत ३१ डिसेंबर २०२५.

एनआयएचने त्यानुसार धोरण ठरवलं. मग सरकार बदललं आणि अनेकांना वाटलं, आता हे गुंडाळणार. झालं उलटंच. नवे संचालक जय भट्टाचार्य यांनी एप्रिल २०२५ मध्ये तारीख अलीकडे ओढली आणि १ जुलै २०२५ पासून नियम लागू केला. ज्या विषयात दोन्ही पक्ष एकमेकांचं काम पुढे नेतात असे विषय त्या देशात आता बोटावर मोजण्याइतके.

गाठ आता वेगळ्या ठिकाणी बसली आहे. वाचकाकडून पैसे घेता येत नसतील तर प्रकाशक ते लेखकाकडून घेतो. 'छपाई शुल्क' असं त्याचं सभ्य नाव. 'नेचर'ने २०२१ पासून एका निबंधासाठी ९,५०० युरो आकारायला सुरुवात केली. हा पैसाही शेवटी अनुदानातूनच जातो, म्हणजे करदात्याच्या खिशातूनच. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून नीट सांगतो: सरकारी नियम शुल्क भरा असं म्हणत नाही. तो म्हणतो, स्वीकारलेला मसुदा कोठारात ठेवा, आणि ते करायला पैसे पडत नाहीत. पण काही प्रकाशक लेखकाला सांगतात, की पहिल्या दिवशी खुला करायचा असेल तर शुल्काचाच रस्ता आहे. मघाशी सांगितलेला तो राखून ठेवलेला हक्क अशा वेळी लेखकाला माहीत असेल तर त्याचे हजारो डॉलर वाचतात. जुलै २०२५ मध्ये एनआयएचने अनुदानातून भरायच्या अशा शुल्कावर कमाल मर्यादा घालण्याचा इरादाही जाहीर केला.

युरोपातल्या काही देशांनी मुळातच निराळी वाट धरली, आणि मला ती जास्त नेटकी वाटते. जर्मनीने अनुदानाच्या अटींऐवजी थेट कॉपीराइट कायदा बदलला. २०१४ पासून तिथे ज्या संशोधनाचा निम्मा तरी खर्च सार्वजनिक पैशातून झाला आहे, त्याच्या लेखकाला बारा महिन्यांनी आपला स्वीकारलेला मसुदा बिगरव्यापारी हेतूने खुला करण्याचा अधिकार आहे. प्रकाशकाशी केलेल्या करारात काहीही लिहिलेलं असो, हा अधिकार जात नाही. २०१५ मध्ये नेदरलँड्सने आणि २०१६ मध्ये फ्रान्सने असेच कायदे केले. फ्रान्समध्ये विज्ञानासाठी सहा महिने, मानव्यविद्यांसाठी बारा. फरक असा, की अमेरिकेत शास्त्रज्ञावर बंधन आहे, जर्मनीत त्याच्या हाती हक्क आहे. हक्काची अडचण एवढीच, की तो वापरला नाही तर कुणी विचारत नाही, आणि ऐच्छिक गृहपाठाची गोष्ट आपण वर पाहिलीच.

अर्जेंटिनाने २०१३ मध्ये सरळ स्वतंत्र कायदाच केला, निबंधांसाठी सहा महिने आणि मूळ माहितीसाठी पाच वर्षं अशी मुदत घालून.

अमेरिकेत असा सर्व खात्यांना लागू होणारा स्वतंत्र कायदा आजही नाही. आहेत ती आदेशपत्रं आणि आरोग्य खात्याच्या कायद्यातलं ते जुनं वाक्य. गंमत म्हणजे त्या वाक्यात अजूनही बाराच महिने लिहिलेले आहेत. एनआयएचने मुदत शून्यावर आणली तेव्हा त्याला हात लावावा लागला नाही, कारण २००७ मध्ये ते लिहिणाऱ्याने 'बारा महिन्यांनी' असं न लिहिता 'जास्तीत जास्त बारा महिन्यांत' असं लिहिलं होतं. उद्या एखाद्या संचालकाला मुदत पुन्हा वाढवावीशी वाटली, तर तीही त्याच वाक्यात बसेल. फक्त तेराव्या महिन्यापर्यंत ताणता येणार नाही.